तिसरा हात

आमचे हे कसे आहेत ते मला विचारा, दुसऱ्या कोणाला नको. गल्लीत त्यांना सगळे ‘कडक’ म्हणतात. कॉलर कडक, पँटची घडी कडक आणि बोलणंही तसंच. शेजारचा शिंपी म्हणायचा, “वहिनी, ज्या दिवशी तुमचे मालक हसतील त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून अख्ख्या गल्लीला चहा पाजीन.” आजवर कोणाला चहा मिळालेला नाही.

आमची इस्त्रीची लाँड्री आहे. खोली एकच, लांबट. पुढे रस्ता, मागे पडदा आणि पडद्यामागे आमचा संसार. मधोमध टेबल. त्यावर जुनी कांबळी अंथरलेली, वर जाड चादर, आणि ती चादर इतकी भाजून निघालेली की तिचा मूळ रंग कोणता होता ते आता मलाही सांगता यायचं नाही. डोक्यावर तार, तारेला हँगर, कोपऱ्यात गाठोडी. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे पांढरे कोट, ऑफिसात जाणाऱ्यांचे शर्ट. ओल्या सुताचा गरम वास खोलीत कायमचा. तो वास नसला तर मला झोप लागत नाही, आता काय सांगायचं.

हे हाताने पक्के. एकदा हॉटेलात पोचवलेल्या गठ्ठ्यात एका उशीच्या अभ्र्याची घडी तिरकी गेली असं ह्यांना घरी आल्यावर आठवलं. जेवणावरून उठले, तसेच हॉटेलात गेले, तो अभ्रा शोधून आणला आणि पुन्हा केला. मी म्हटलं, “अहो, कोण बघतंय? लोक त्यावर डोकं ठेवून घोरणार.” तर म्हणाले, “मी बघितलंय ना.” आता अशा माणसापुढे कोणी बोलायचं?

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ह्यांनी मला टेबलाच्या डाव्या अंगाला उभं केलं. ते उजवीकडे, मी त्यांच्या डावीकडे. मी पाणी शिंपडायचं, कापडाची कड धरून ताणायची आणि ते उजव्या हाताने इस्त्री माझ्याकडे ढकलत आणणार. इस्त्री जवळ आली की एकच शब्द, “हात!” की मी हात काढून घ्यायचा. ते थांबायचे नाहीत. इस्त्री थांबली की कापड जळलं. ज्याच्या हातात इस्त्री त्याने ओरडायचं, ज्याचा हात कापडावर त्याने काढायचा, एवढाच आमचा कायदा. लोकांच्या नवऱ्यांनी बायकांना लाडाची नावं ठेवली असतील. माझा नवरा माझ्याशी सगळ्यात जास्त वेळा काय बोलला असेल, तर ‘हात’.

एकदा, नवी नवी असताना, मला उशीर झाला. रस्त्यावर कसलं तरी भांडण चाललं होतं, मी मान वळवून बघत होते. “हात!” कानावर आलं, पण हात निघाला नाही. उजव्या हाताच्या पाठीवर चटका बसला. डाग अजून आहे, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. मी कळवळले. आणि हे काय म्हणाले? “हात म्हटलं होतं ना मी.” एवढं बोलून पुढची चादर ओढली. मलम माझं मीच लावलं. ह्या माणसाकडून मायेचा शब्द ऐकायची आशा मी त्याच दिवशी सोडली. निदान मला तरी वाटत होतं की सोडली.

मग ती सकाळ आली. हॉटेलच्या चादरी चालल्या होत्या, मध्ये चहा केला. ह्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळून तयार कोटावर पडला आणि मी तोंड सोडलं. “अहो, लक्ष कुठंय? डॉक्टरांचा कोट आहे तो!” हे म्हणाले, “काय झालं?” पण शब्द असा आला, जणू तोंडात कापूस कोंबलाय. मी वर बघितलं. अर्धा चेहरा जागेवर होता आणि अर्धा खाली घसरला होता. डावा हात टेबलावरून सटकून लोंबत होता. आणि हे मलाच म्हणतात, “कड धर नीट, काय बघत बसलीस.” मी शिंप्याला हाक मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असणार. त्यानेच गाडी आणली, त्यानेच दोघांना बोलावून ह्यांना उचललं.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मेंदूच्या उजव्या भागाचं रक्त अडलं, म्हणून शरीराची डावी बाजू गेली, म्हणाले. जीव वाचलाय, पाय बहुतेक थोडाफार येईल. “पण बाई, आणखी एक आहे,” ते म्हणाले. “त्यांच्यासाठी डावीकडचं जगच उरलेलं नाही. डोळे चांगले आहेत, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. तुम्ही डावीकडे उभ्या राहिलात तर त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच.” कपाळ माझं! सगळा जन्म मी ह्या माणसाच्या डावीकडेच तर काढला होता.

घरी आणलं आणि खरंच तसंच. ताटातलं उजवीकडचं जेवायचे, डावीकडचं तसंच टाकून माझ्यावर डाफरायचे, “आज एवढंच केलंस?” मी ताट फिरवून द्यायची, की लगेच, “हां, आता वाढलंस.” दाढी अर्धी. चप्पल एकाच पायात. मी डाव्या बाजूने हाक मारली तर उजवीकडे वळून शोधायचे. “कुठे तडफडलीस ग?”

“अहो, इथेच आहे मी, तुमच्या काखेत!”

तरी उजवीकडेच बघायचे.

पण हाताचं त्याहून निराळं. ते दवाखान्यातच सुरू झालं होतं. मी उजव्या बाजूला स्टुलावर बसले होते. नर्सने ह्यांचा डावा हात उचलून पोटावर ठेवला. ह्यांनी खाली बघितलं आणि मला म्हणाले, “अगं, हात काढ की तुझा. किती वेळ ठेवतेस.” मला वाटलं, थट्टा करतायत. खरं सांगते, जीव सुखावला माझा. म्हटलं, मरणाच्या दारातून आल्यावर का होईना, माणसाला थट्टा सुचायला लागली, शिंप्याला चहाचं आधण ठेवायला सांगावं. तेवढ्यात त्यांनी आपल्या चांगल्या हाताने तो हात चाचपला. “गार पडलाय ग,” म्हणाले आणि त्यावर पांघरूण ओढलं. तोंडावर थट्टेचं नाव नव्हतं. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातली एक मुलगी घरी यायला लागली. शहाणी पोर, पण जीव काढायची. पहिल्याच दिवशी तिने ह्यांच्या खांद्याला हात लावला. “काका, हा खांदा कोणाचा?”

“माझा.”

“हे कोपर?”

“माझंच की.”

“आणि हा हात?”

“हिचा.”

“अहो काका, मावशींचा हात तुमच्या कोपराला कसा येईल?”

ह्यांनी थोडा विचार केला. “चिकटूनच उभी राहते ती. सवय आहे तिला.”

पोरीने तोंड फिरवलं, हसू लपवायला की आणखी कशाला कोण जाणे. मला राहवेना. मी पुढे झाले आणि दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर नाचवले. “हा एक माझा. हा दुसरा माझा. मग हा तिसरा कोणाचा?”

“बाईमाणसाला दोन हात पुरतात होय कामाला?”

“डाग बघा माझ्या हातावरचा! तुम्हीच दिलेला आहे. आहे का तसला डाग ह्याच्यावर?”

त्यांनी तो निर्जीव हात निरखून बघितला, कॉलर बघतात तसा, उलटा करून, सुलटा करून. “गेला वाटतं डाग,” म्हणाले. “बरं झालं.” मी तर त्यांच्यापुढे हात टेकले.

जाताना मुलीने मला दारात थांबवलं. “मावशी, हात मेलेला नाही. बोटांत थोडी हालचाल आहे. पण जो हात माणूस आपला मानत नाही, तो वापरत नाही. वापरला नाही तर आखडतो, आणि एकदा आखडला की गेला. सुरुवातीचे महिने काय ते महत्त्वाचे. ते ‘तुझा हात’ म्हणाले की दर वेळी सांगायचं, नाही, तुमचा. एकदाही हो म्हणायचं नाही. दया आली तरी नाही.”

मी म्हटलं, “दया? मला? तू ओळखत नाहीस मला.”

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. तो हात ह्यांचा झाला पाहिजे. कोणी म्हणेल, एवढं काय, एका हाताने इस्त्री होते की. होत नाही. कापड ताणायला, उलटायला, घडी घालायला दुसरा हात लागतो. आणि काम नसलं तर हा माणूस जगायचा नाही, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. शिवाय आणखी एक कारण होतं, ते मी कोणाला बोलले नाही. तो हात ह्यांचा झाला की मी पुन्हा मी होणार होते.

कारण दिवसभर हे त्या हाताला कुरवाळत बसायचे. मी पलीकडे, डावीकडे, एकटीच इस्त्री ओढत असायची, घामाने निथळत, आणि मला ऐकू यायचं. “दमलीस ग,” त्या हाताला म्हणायचे. “फार राबवलं तुला.” कधी नखांवरून बोट फिरवायचे. जे शब्द ऐकायला माझे कान किटले... किटले कसले, वाळून गेले, ते शब्द अखेर निघत होते आणि माझ्या वाट्याला येत नव्हते. जळ्ळं मेलं ते प्रेम! सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ह्या सवतीला मी रोज तेल लावून चोळत होते. एकेक बोट उलगडायचं, सोडलं की परत मिटायचं. सूज चढायला लागली होती. आणि दर वेळी म्हणायचं, “तुमचा आहे तो. तुमचा.” “बरं बाई,” ते म्हणायचे, आणि थोड्या वेळाने परत, “हात उचल ना तुझा, जड झालाय.” मी पडद्यामागे जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडायची. बाहेर यायची तर उजवीकडून यायची, नाहीतर मी आलेली त्यांना कळायचंच नाही.

पायाला थोडं बळ आलं तसं मी त्यांना टेबलाशी उंच स्टुलावर बसवलं. मुलगीच म्हणाली होती, ओळखीचं काम समोर ठेवा. पण इस्त्री गार ठेवा, असंही बजावून गेली. ह्यांनी ती एकदा शर्टावर फिरवली आणि थांबले. “गार लोखंड देतेस मला? खेळणं आहे का हे?” इस्त्री ढकलून दिली, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा मी चमच्याने पाजलं. पोरीला काय जातंय सांगायला? मी इस्त्री लावली. मंद लावली, आणि त्यांच्या अगदी अंगाला लागून उभी राहिले.

वास आल्यावर माणूस उठून बसला.

मग रोज एखाद-दुसरा शर्ट करायला लागले. शर्टाची उजवी बाजू गुळगुळीत, डावी चुरगळलेली. तशीच एका हाताने कशीबशी घडी मारायचे. “झालं. पुढचा दे.” एका तिरक्या अभ्र्यासाठी जेवण टाकून जाणारा माणूस! उरलेला अर्धा मी नंतर करायची, त्यांना कळू न देता. मुलीने एक युक्ती शिकवली होती, कापडाच्या डाव्या कडेला लाल पट्टी टाचायची आणि लाल दिसेपर्यंत मान वळवायला लावायचं. मी घसा फोडून सांगायची, “लाल बघा, अहो, लाल!” मान मध्यापर्यंत यायची आणि परत फिरायची.

त्या दिवशी हॉटेलची चादर होती. ह्यांचा डावा हात मी चादरीवर, मध्याच्या पलीकडे, लाल पट्टीजवळ पसरून ठेवला आणि वर माझा हात दाबून धरला, नाहीतर बोटं मिटतात. इस्त्री निघाली. आज जरा जास्त तापली होती. मी पाणी आणायला गेले तेव्हा त्यांनीच खटका फिरवला असणार. सुरकुत्या भराभर जात होत्या आणि ते बघून मलाही बरं वाटत होतं. रोज थांबायची तिथे इस्त्री आली. मी म्हटलं, “लाल बघा.”

आणि मान वळली. देवाशपथ सांगते, वळली. गंजलेली बिजागरी फिरते तशी, अडखळत, पण वळली. डोळे पट्टीवर आले. इस्त्री मध्य ओलांडून पुढे सरकली. आले! म्हटलं, आले माझ्या बाजूला! मुलीला सांगायचं, शिंप्याला सांगायचं, आता चहा पाज म्हणावं मेल्या.

“हात!” ते म्हणाले.

आजारानंतर सगळे शब्द बोबडे झाले होते. हा एकच पहिल्यासारखा खणखणीत आला. आणि माझा हात निघाला. मी काढला नाही हो, तो निघाला. जन्मभर ह्याच शब्दावर तो निघत आला होता. वरचा हात निघाला आणि खालचा तिथेच राहिला. हे थांबले नाहीत. का थांबतील? ‘हात’ म्हणून झालं होतं. त्या एका वेळेनंतर माझा हात कधी राहिलाय तिथे?

मला आधी वास आला. तो सुताचा नव्हता.

मी इस्त्री ढकलली, ती खाली पडली, फरशीचा टवका उडाला. ह्यांच्या कपाळावर साधी आठी नव्हती. त्यांना काही दुखलंच नव्हतं. मग त्यांनी खाली बघितलं, कातडी सोललेली दिसली, आणि ते ओरडले. असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “भाजला! अगं, तुझा हात भाजला! पाणी आणा रे कोणीतरी! कुठे आहेस तू? अगं, कुठे आहेस?” मी तिथेच होते. त्यांच्या डावीकडे वाकून त्यांचाच हात बादलीतल्या पाण्यात धरला होता, आणि ते उजवीकडे बघून मला हाका मारत होते.

दवाखान्यात पट्टी बांधून दिली. मुलगी आली, तिने वरून बघितलं. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. “खोल आहे, मावशी,” म्हणाली. “भरेपर्यंत बोटांना हात लावता यायचा नाही.”

“आणि तोवर?”

ती पिशवी आवरत राहिली. “तोवर आखडतील. मग उघडणं कठीण आहे.” दारात गेल्यावर वळून म्हणाली, “तरी सांगायचं सोडू नका. त्यांचाच आहे म्हणून सांगत राहा. अजून अगदीच गेलेलं नाही.”

दुपार होती. दुकानाचं दार लोटलेलं, इस्त्री अजून फरशीवरच पडलेली. मी ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. पट्टीतला हात त्यांनी चांगल्या हाताने अलगद उचलून मांडीवर घेतला होता, तान्हं मूल घेतात तसा, आणि पट्टीवर फुंकर घालत होते.

“हात म्हटलं होतं ना मी,” ते म्हणाले.

मनात म्हटलं, झालं, आता पुढची चादर मागतील. पण ते बोलत राहिले. “थांबायला पाहिजे होतं मी. जळली असती चादर तर जळली असती. तेव्हासुद्धा थांबायला हवं होतं, तू नवी होतीस तेव्हा. चुकलं माझं.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उजव्या गालावरचं ते पुसत होते, डाव्या गालावरचं तसंच ओघळत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे. “फार दुखतंय का ग?”

‘नाही, तुमचा आहे तो हात.’ जिभेवर होतं माझ्या. रोज म्हणतच होते. एकदाही हो म्हणायचं नाही, असं पोरीने बजावलं होतं, आणि आत्ताच जाताना पुन्हा सांगून गेली होती.

मी माझा डागाचा हात पाठीमागे घेतला.

“हो,” मी म्हटलं. “फार दुखतंय.”

ते पुन्हा पट्टीवर फुंकर घालायला लागले.